शब्दचर्चा : ‘क्षेत्रनिहाय ताळेबंद’ यातलं ‘क्षेत्र’ कुठलं?

टिळकवाडी
‘इन्स्टिट्यूशनल सेक्टर’ला मराठीत काय म्हणावं? ‘संस्थात्मक क्षेत्र’ लिहिता येतं, पण ‘क्षेत्र’ म्हटलं की वाचणारा शेती-उद्योग-सेवा धरतो, नाहीतर सरकारी-खासगी-सहकारी. संदर्भ आहे राष्ट्रीय लेखे (सगळ्या देशाच्या उत्पन्नाचा आणि मालमत्तेचा हिशेब) आणि क्षेत्रनिहाय ताळेबंद एका देशाचे दुसऱ्या देशाशी ताडून बघता येतील असे करण्याचा. शिवाय ‘रिव्हॅल्युएशन’ला ‘पुनर्मूल्यांकन’ चालेल का? आणि सहकारी सोसायटीच्या अहवालातले शब्द इथे जसेच्या तसे घ्यावेत का?

तेरीज, शहापूर
शेती-उद्योग-सेवा ही वाटणी कामावरून होते. ताळेबंद मालकावरून बनतो : मालमत्ता कुणाच्या नावावर, देणं कुणाच्या डोक्यावर, निर्णय कुणाचा. राष्ट्रीय लेख्यांच्या जागतिक पद्धतीत (२००८ ची आवृत्ती, आणि मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानं स्वीकारलेली नवी) असे पाच गट आहेत : बिगर-वित्तीय कंपन्या, वित्तीय कंपन्या, सरकार, कुटुंबं, आणि कुटुंबांची सेवा करणाऱ्या ना-नफा संस्था. संकेतांक एस.११ ते एस.१५. सहावं ‘बाह्य जगत’, एस.२.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या तीन फौंड्र्या घ्या. तिघींचं काम एकच, बिडाचं ओतकाम. पहिली प्रायव्हेट लिमिटेड, ती थेट एस.११. दुसरी भागीदारी, पण पूर्ण वह्या ठेवते, भागीदारांच्या घरखर्चापासून वेगळा हिशेब काढता येतो. तिला ‘कंपनीसदृश’ धरून एस.११ मध्येच घालायचं. तिसरीत धंदा आणि घर एकाच गल्ल्यातून चालतं. ती कुटुंब क्षेत्रात, एस.१४. उद्योग एक, क्षेत्रं दोन. हेस्कॉम ही वीज कंपनी सरकारी मालकीची असली तरी वीज विकते, म्हणून एस.११ मधल्या सार्वजनिक उपगटात. ग्रामपंचायत एस.१३.

तुलनेत पहिला घोळ इथेच होतो. भारताच्या राष्ट्रीय लेख्यांच्या, २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत हिशेब ठेवणाऱ्या अशा पेढ्या खासगी कंपनी क्षेत्रात गेल्या. त्याआधीच्या मालिकेतली कुटुंबांची बचत या मालिकेशेजारी ठेवली की बचत घटल्यासारखी दिसते. त्यातला काही भाग नुसता घर बदलून पलीकडे गेलेला असतो. दुसरं, आपल्याकडे एस.१५ वेगळं न दाखवता कुटुंबांतच मिळवतात. जो देश ते वेगळं छापतो त्याच्याशी ताडताना आधी त्याचे दोन्ही रकाने मिळवावे लागतात.

शब्दाबद्दल : ‘संस्थात्मक क्षेत्र’ पहिल्यांदा पूर्ण लिहा, पुढे ‘क्षेत्र’. आणि कामाच्या वाटणीला चुकूनही ‘क्षेत्र’ म्हणू नका, तिथे ‘उद्योगगट’ लिहा. कन्नडमध्ये ‘वलय’ शब्दाची हीच ओढाताण आहे, म्हणजे दोष एकट्या मराठीचा नव्हे.

जिंदगी-येणी, निपाणी
‘खातेदार-वर्ग’ कसा वाटतो? मालकी लगेच कळते.

तेरीज, शहापूर
आपल्या भागात खातेदार म्हणजे उताऱ्यावरचा. कंपनी आणि सरकार त्यात बसवताना वाचणारा अडखळेल की. ‘क्षेत्र’च राहू दे.

जिंदगी-येणी, निपाणी
मान्य. मग पीकेपीएसचं (प्राथमिक कृषी पतपुरवठा सहकारी संस्थेचं) बघा. गावची पीकेपीएस पीककर्ज देते, ठेवी घेते, खत आणि बियाणंही विकते, कुठे रेशन दुकानही चालवते. उद्योगगटाच्या तक्त्यात तिचे तुकडे पाडता येतात, कर्जाचं काम वित्तसेवेत, खताची विक्री व्यापारात. क्षेत्राच्या तक्त्यात तुकडे पाडायचे नाहीत. संस्था एक, ताळेबंद एक, मुख्य काम ज्याचं त्या क्षेत्रात ती सगळीच्या सगळी. ठेवी घेऊन कर्ज देणं मुख्य असेल तर एस.१२, ठेवीदार नुसते सभासद असले तरीही. खताचा साठासुद्धा मग वित्तीय क्षेत्राच्या ताळेबंदात ‘मालसाठा’ म्हणून दिसतो. विचित्र वाटतं, पण बरोबर तेच.

आता आकडे गोळा करण्याची अडचण. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात पतसंस्था तीन वेगवेगळ्या कायद्यांखाली नोंदलेल्या असतात : कर्नाटक सहकारी संस्था अधिनियम १९५९, सौहार्द सहकारी अधिनियम १९९७, आणि कर्नाटक-महाराष्ट्र दोन्ही राज्यांत सभासद असतील तर बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम २००२. तिसऱ्याचा निबंधक केंद्राचा. म्हणजे यादी तीन ठिकाणी. एखादा रुपांतर होऊन सौहार्द झालेला संघ दोन याद्यांत राहतो, बहुराज्य संस्था राज्याच्या गोळाबेरजेतून सुटते. कुटुंबांच्या ठेवींचा आकडा बहुतेक ठेवी घेणाऱ्या संस्थांच्या पुस्तकांतूनच काढतात. तिथे संस्था सुटली की तिच्या ठेवीदारांची मालमत्ताही सुटली. त्याच संस्थेनं जिल्हा बँकेत ठेवलेली रक्कम मात्र बँकेच्या वह्यांत सापडते. ती कुणाची हे न कळल्यानं शेवटी ‘उरलेलं ते कुटुंबांचं’ म्हणून तिथे ढकलली जाते. उरलेल्यातून आकडा काढण्याचा धोका हाच : सगळ्यांच्या चुका एकाच क्षेत्राच्या पदरात पडतात.

टिळकवाडी
मग भिशी?

जिंदगी-येणी, निपाणी
दहा घरांची भिशी म्हणजे कुटुंबांचं कुटुंबांकडेच येणं-देणं. क्षेत्राच्या आतली रक्कम वजा करून मांडलं की ती नाहीशी होते, न वजा करता मांडलं तर दोन्ही बाजूंना दिसते. निव्वळ आकड्याला फरक पडत नाही. पण एकूण कर्ज ताडताना एका देशानं वजा केलं आणि दुसऱ्यानं नाही, तर तुलना फुकट. सरकारच्या कर्जात हे फार होतं, कारण राज्यांनी केंद्राकडून घेतलेलं कर्ज सरकारच्या आतलंच.

घटप्रभाकाठ, गोकाक
आता ‘ताळेबंद’ शब्दाकडे वळू. शब्द योग्यच आहे. कन्नड वाणिज्याच्या पुस्तकांत ‘अढावे पत्रिके’ म्हणतात, आपल्या ‘आढावा’चंच ते भावंड. पण सोसायटीच्या अहवालातला ताळेबंद आणि हा ताळेबंद यांत किंमत धरण्याची रीत वेगळी. सोसायटी इमारत खरेदीच्या किमतीतून घसारा वजा करून दाखवते. राष्ट्रीय लेख्यांत जमीन त्या तारखेच्या बाजारभावानं, इमारत आज बांधायला लागेल त्या खर्चातून झीज वजा करून, शेअर बाजारभावानं, कर्ज आणि ठेवी मात्र दर्शनी रकमेनं. ‘भांडवल व देणी’ आणि ‘जिंदगी व येणी’ ही जुनी शीर्षकं गोड आहेत, घ्यायलाही हरकत नाही, पण भागभांडवल इथे सभासदाची मालमत्ता म्हणून त्याच्या क्षेत्रातही मांडावं लागतं. प्रत्येक येण्याला कुणाचं तरी देणं. ‘कोणाचं कोणाकडे’ असा चौकोनी तक्ता काढतात तो याच कारणासाठी. २००८ च्या आर्थिक पेचात हेच कळेना. त्यातूनच २००९ मध्ये जी-२० नं आकडेवारीतल्या त्रुटी भरण्याचा कार्यक्रम हाती घेतला, आणि सगळ्या देशांनी एकाच साच्यात क्षेत्रनिहाय तक्ते द्यावेत हा त्याचा मोठा भाग.

सुरुवातीच्या आणि अखेरच्या शिलकेच्या मधे तीन पायऱ्या असतात. त्यांची नावं नीट ठरली पाहिजेत, म्हणून एक मांडलेलं उदाहरण. चिकोडी तालुक्यातलं ऊस घेणारं एक घर मानू, आकडे लाखांत.

१ एप्रिल : जमीन ४०, घर १५, सोनं ६, ठेवी ४, कारखान्याकडून येणं ऊसबिल १. एकूण ६६. देणी : सोनेतारण कर्ज २, पीककर्ज १. नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं ते) ६३.

वर्षभरात : जुनं बिल १ जमा झालं, ते ठेवीत गेलं, येणं उतरलं, ठेव चढली, नक्त तेवढंच. नव्या हंगामाचं २ चं बिल ३१ मार्चला थकलेलं. बाकी उत्पन्न खर्चात गेलं असं धरू, म्हणजे हे २ बचतीचे. घराची झीज ०.३. पीककर्ज १ सरकारनं आपल्या डोक्यावर घेतलं. इथवर पहिली पायरी, ‘व्यवहार’. दुसरी : सोन्याचा भाव चढून १, जमिनीचा २. तिसरी : पुरानं नदीकाठची जमीन खचली, १ कमी.

३१ मार्च : जमीन ४१, घर १४.७, सोनं ७, ठेवी ५, येणं बिल २. एकूण ६९.७. देणं उरलं २. नक्त मूल्य ६७.७.

ताळा : ६३ + २ − ०.३ + १ + ३ − १ = ६७.७. जुळलं. यातलं बचत म्हणून मोजायचं ते फक्त १.७, बाकी बचतीशी संबंध नाही. नुसते दोन ताळेबंद वजा करून ‘घरानं ४.७ लाख वाचवले’ म्हणणं ही या विषयातली सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

दुसऱ्या पायरीला ‘पुनर्मूल्यांकन’ नको. त्यावरून कुणी मुद्दाम बसून किंमत पुन्हा ठरवली असं वाटतं, शिवाय उत्तरपत्रिका आठवतात. ‘भावफेर’ लिहा. तिसरीला ‘इतर घटबढ’.

टिळकवाडी
‘भावफेर’ पटला. सोन्याबद्दल विचारायचं होतं. तारण ठेवलेलं सोनं सोसायटीच्या तिजोरीत असतं, मग ते वित्तीय क्षेत्रात का नाही?

घटप्रभाकाठ, गोकाक
तिजोरी त्यांची, सोनं घरच्यांचं, अक्का. मालकी बदलत नाही. सोसायटीच्या ताळेबंदात फक्त दिलेलं कर्ज, घराच्या ताळेबंदात सोनं मालमत्ता आणि कर्ज देणं. सोनं दोन्हीकडे लिहिलं तर दुहेरी मोजणी. घरातले दागिने ‘मौल्यवान वस्तू’, म्हणजे बिगर-वित्तीय मालमत्ता. ‘वित्तीय’ सोनं फक्त मध्यवर्ती बँकेच्या राखीव साठ्यातलं. या दोन सोन्यांना दोन वेगळे शब्द हवेतच : ‘मौल्यवान वस्तू’ आणि ‘चलनी सोनं’.

जाता जाता : मोटरसायकल, फ्रिज, टीव्ही मुख्य ताळेबंदात येत नाहीत, त्यांची टीप वेगळी. दुभती म्हैस स्थिर मालमत्ता. कापायला पाळलेला बोकड मालसाठा. रानातला उभा ऊस ‘चालू काम’ म्हणून मालसाठ्यातच.

जिंदगी-येणी, निपाणी
‘ठेव’ या शब्दाचाही इशारा देऊन ठेवतो. सहकारी साखर कारखान्यांच्या कपातीत ‘परतीची ठेव’ आणि ‘बिनपरतीची ठेव’ अशा दोन नोंदी भेटतात. पहिली खरं देणं : कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचं. दुसरीला नाव ठेवीचं, पण परत मागण्याचा हक्कच नाही. तिच्या बदल्यात भाग मिळाले तर ते भागभांडवल. नाहीतर शेतकऱ्याच्या बाजूला येणं म्हणून लिहूच नये. नावावर विसंबून दोन्ही एका ओळीत बेरजेला घेतल्या की कुटुंबांचं येणं फुगतं.

थकलेलं ऊसबिल मात्र ठेवीत घालायचं नाही. ती ‘व्यापारी उधारी’. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात. ती मुदत उलटली तरी रकाना बदलत नाही, उधारी उधारीच राहते.

तेरीज, शहापूर
‘माफी’ आणि ‘निर्लेखन’ही वेगळे ठेवा, वर्तमानपत्रांत दोन्हींना ‘कर्ज माफ’ छापतात. सरकारनं कर्ज आपल्यावर घेतलं तर तो भांडवली हस्तांतरणाचा (मोबदला न घेता मालमत्ता देण्याचा किंवा देणं उचलण्याचा) व्यवहार : सरकारची तूट तेवढी वाढते, घराचं नक्त मूल्य तेवढं वाढतं. बँकेनं वसुलीची आशा सोडून एकतर्फी निर्लेखन केलं तर ती ‘इतर घटबढ’. कुणाच्या बचतीत नाही, सरकारच्या तुटीत तर नाहीच. एका देशानं माफी निर्लेखनात लपवली की त्याची सरकारी तूट शेजाऱ्यापेक्षा साजरी दिसते. बुडीत कर्जासाठीची तरतूद हे देणं धरत नाहीत. कर्ज दर्शनी रकमेनंच ठेवून बुडीताचा आकडा टिपेत देतात.

आणखी एक. बचतीत भांडवली हस्तांतरणं धरून आणि त्यातून गुंतवणूक वजा करून जी ‘निव्वळ कर्जाऊ दिलेली रक्कम’ निघते, तीच वित्तीय बाजूनं, ठेवी-कर्जांच्या हालचालींतूनही निघायला हवी. प्रत्यक्षात जुळत नाही. सोसायटीत असा फरक ‘अनामत’ खात्यात टाकून वर्ष बंद करण्याची सवय असते. इथे तसं करू नये. ‘सांख्यिकी फरक’ म्हणून उघडा छापावा.

टिळकवाडी
‘बाह्य जगत’ ठीक आहे का? सीमाभागातल्या वाचकाला भलतंच सुचेल.

तेरीज, शहापूर
कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला की बाह्य जगत सुरू होत नाही, एवढी टीप टाका. देशाबाहेरचं तेवढंच. माणूस कुठला हे पासपोर्टावरून ठरत नाही. वर्ष किंवा जास्त काळ राहण्यासाठी आखातात गेला तर तो तिथला रहिवासी. त्यानं घरी धाडलेले पैसे हस्तांतरण. चार-सहा महिन्यांच्या कामावर गेला तर तो इथलाच, आणि त्याची मजुरी बाहेरून मिळालेलं श्रमाचं उत्पन्न.

घटप्रभाकाठ, गोकाक
तारखेचा मुद्दा राहिला. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, बहुतेक देशांचं जानेवारी ते डिसेंबर. प्रवाहाचे, म्हणजे वर्षभरात काय आलं-गेलं त्याचे, आकडे तिमाहींतून जुळवता येतात : २०२४ साल हवं तर २०२३-२४ ची शेवटची तिमाही आणि २०२४-२५ च्या पहिल्या तीन. शिल्लक अशी जोडता येत नाही. ३१ मार्चचे दोन ताळेबंद घेऊन मधला ३१ डिसेंबर सरासरीनं काढला, तर ऊसपट्ट्यात तो हमखास चुकतो. डिसेंबरात गाळप ऐन भरात, रानात ऊस उभा आणि बिलं नुकती चढू लागलेली, तर मार्चला रान मोकळं आणि येणं फुगलेलं. घरांच्या कर्ज-मालमत्तेची राष्ट्रीय पाहणी तर तिसऱ्याच तारखेची : ७७ व्या फेरीत शिल्लक ३० जून २०१८ ची विचारली होती. मराठी तक्त्याच्या डोक्यावर नुसतं ‘२०१८’ छापू नका, ‘अमुक तारखेअखेर’ लिहा. प्रवाहाच्या तक्त्यावर ‘या वर्षात’.