मदत हवी आहे : २" आणि २०' या खुणांमुळे सीएसव्हीतले उधारीचे रकाने सरकले

नमस्कार मंडळी. लातूरजवळ मामांचं पीव्हीसी पाईप आणि मोटारीच्या सामानाचं दुकान आहे. विक्रीची नोंद मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतून सीएसव्ही फाइलीत (साधी मजकूर-फाइल, रकाने स्वल्पविरामाने वेगळे) ठेवत होतो, आता ती एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये आणतोय. मृगाआधी हे उरकायचंय, नंतर काउंटरवर मान वर करायला फुरसत नसते.

आमच्याकडे मालाचं नावच असं लिहितात: २" पाईप, २०'. म्हणजे दोन इंची, वीस फुटी. इंचाला डबल कोट, फुटाला सिंगल कोट, मध्ये स्वल्पविराम. मामांच्या वहीत पहिल्यापासून असंच आहे आणि ते बदलावं असं मलाही वाटत नाही.

कोडमध्ये \" लिहिल्यावर नावातल्या इंचाच्या खुणेबद्दलची पायथनची तक्रार थांबली. मला वाटलं हा बॅकस्लॅश नावासोबत फाइलीतही जाईल. प्रिंट केलं तर तो नाहीच! तो कोडपुरताच असतो, स्ट्रिंगमध्ये शिरत नाही, हे कळायला एक अख्खी रात्र गेली.

एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला आज्ञा द्यायच्या भाषेत, फुटाच्या खुणेपाशी स्ट्रिंग संपायची आणि एरर यायचा. तिथं बॅकस्लॅश चालत नाही, सिंगल कोट दोनदा लागतो. आता इन्सर्टमध्ये (नवी नोंद भरायच्या आज्ञेत) नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून नाव वेगळं पाठवतो, तो त्रास मिटला.

अडलंय ते जुन्या फाइलींपाशी. रकाने चार: माल, नग, भाव, शेरा. नावाला मी नुसते डबल कोट लावले होते:

"२" पाईप, २०'",१२,४५०,उधार, सोयाबीन निघाल्यावर

इंचाच्या खुणेलाच कोट बंद होतो, स्वल्पविरामाशी नाव तुटतं आणि नगाचे १२ भावाच्या रकान्यात जातात. आत "" असा दुहेरी कोट हवा होता. सीएसव्ही मॉड्यूलचा रायटर ते आपोआप करतो, त्यामुळे नव्या फाइली ठीक आहेत. पण जुन्या ओळींत लोकांची उधारी आहे. एखाद्याच्या नावावर चुकीचा आकडा चढला तर ते मला सहन होणार नाही.

उजवीकडून स्वल्पविराम मोजून तोडावं म्हटलं, तर शेऱ्यातही स्वल्पविराम आहेत. नग आणि भाव मात्र नेहमी शेजारी असतात, निव्वळ आकडे, दोन्हीकडे स्वल्पविराम. ही जोडी रेजेक्सने (मजकुरातला ठरावीक साचा शोधणाऱ्या सूत्राने) पकडून डावीकडचं सगळं नाव आणि उजवीकडचा सगळा शेरा धरला तर चालेल का? शेऱ्यात कधीकधी "५००,२०० जमा" असंही लिहिलेलं आहे, म्हणून पहिलीच जोडी घ्यायचा विचार आहे. यात कुठली ओळ फसेल, कुणाला दिसतंय का?