आमच्या मागं दिव्यांग मुलांना राहायला घर करायचंय (बेळगाव), मदत हवी आहे, अर्जंट

खानापूरची_आई:
आम्ही चार घरं मिळून येळ्ळूर रोडला ३ गुंठे जागा बघितलीय, खाली सपाट चार खोल्या, एक स्वयंपाकघर आणि सांभाळणाऱ्या बाईला खोली, असं बांधायचंय. मालक सोमवारी इसार मागायलाय. नाव कुणाचं लावायचं आणि पीएम आवासचं काय मिळतं काय, लवकर सांगा की.

वडगावचा_बाळू:
मुलं केवढी, त्यांना काय त्रास आहे? जागा एनए (बिगरशेती) आहे काय? कायबी लिहिलं नाही तुम्ही.

खानापूरची_आई:
सगळी अठराच्या वरची. दोघांना सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूच्या इजेमुळं हातपाय नीट हलत नाहीत), एकाला ऑटिझम, माझी लेक मतिमंद. एनए माहीत नाही, मालक बाँडवर (नुसत्या स्टॅम्प पेपरवर) करून देतो म्हणायलाय.

वडगावचा_बाळू:
बाँडवर अजिबात नको ताई!! रजिस्टर खरेदीपत्र नसलं तर मालकी येत नाही, बँक दारात उभी करत नाही. बुडाचा (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा) मंजूर लेआउट आणि ई-खाता (मालमत्तेचा ऑनलाइन उतारा) बघितल्याशिवाय रुपया देऊ नका.

मच्छे_फ्लॅट:
मी सांगतो, व्हीटीयूजवळ (इंजिनिअरिंगचं विद्यापीठ) टू बीएचके घ्या, कॉलेजच्या पोरांना भाड्यानं द्या, त्यात तुमच्या मुलांचा खर्च निघतोय बघा.

हिंदवाडी_काकू:
अहो त्यांनी भाड्याचं विचारलंय काय? ताई, अठरा झाली की आईबापसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याची लोकल लेव्हल कमिटी पालक नेमते, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला चौकशी करा. जागा एकाच घराच्या नावावर नको, उद्या भावंडं वाटणी मागतील. चौघांचा ट्रस्ट करा. पण पीएम आवास कुटुंबाला आहे, ट्रस्टला नाही, आणि तेही कुणाच्या नावावर पक्कं घर नसेल तरच.

निपाणीकर:
उतारा कन्नडात असतोय, जाणत्याकडून वाचून घ्या. मराठीत कागद मागून मागून आमची पिढी गेली.

वडगावचा_बाळू:
ते बरोबर आहे, पण इथं नको, त्यांचं सोमवारी आहे.

मिस्त्री_अनगोळ:
उंबरे ठेवू नका. एक फूट चढाला बारा फूट रॅम्प धरा, दारं तीन फुटी, नाहीतर व्हीलचेअर अडकते.

खानापूरची_आई:
इसार थांबवते, आधी लेआउटचा कागद मागते. ट्रस्टचे कागद बेळगावात कुठला वकील करतोय?

हिंदवाडी_काकू:
वकील मिळेल. त्याआधी चौघं बसून ठरवा, एक घर मध्येच बाहेर पडलं तर त्यांचे पैसे कसे द्यायचे, आणि त्यांचं मूल तिथं राहणार की नाही.