ईमॅक्स: मीच लिहिलेला प्रॉम्प्ट मलाच गंडवतो

मुद्रितशोधक_सांगली:
मी प्रोग्रामर नाही, मुद्रितं तपासते. 'ध्द'चा 'द्ध' करणारी छोटी कमांड ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या ईलिस्प भाषेत खटपट करून लिहिली आहे. तिचे प्रॉम्प्ट, म्हणजे ती विचारते ते प्रश्न, असे: आधी 'जुनं:', मग 'नवं:', मग 'नक्की?'. परवा फोनवर बोलता बोलता दोन्ही उलटे टाकले (बारीक अक्षरात ध्द आणि द्ध सारखेच दिसतात हो), 'नक्की?'ला सवयीने वाय दाबलं, आणि तीनशे पानांतले सगळे शुद्ध, सिद्ध, बुद्धी बिघडले. अनडू होतं म्हणून वाचले.
दुसरं म्हणजे इनस्क्रिप्ट (मराठी टायपिंगचा कळफलक) चालू राहिलं की वायच्या कळीवर 'ब' उमटतो आणि ईमॅक्स 'प्लीज आन्सर वाय ऑर एन' म्हणत अडून बसतो. काय करू?

कंसात_कंस:
आधी 'नक्की?' काढून टाका. नक्की काय, ते त्यात कुठेच नाही. ईमॅक्सची क्वेरी-रिप्लेस (विचारून बदलणारी कमांड) बघा, दुसरा प्रश्न विचारताना तुमचं पहिलं उत्तर परत दाखवते. तुम्हीही विचारा, "'ध्द' काढून काय घालू: ". कोलननंतर एक स्पेस सोडा, नाहीतर उत्तर प्रश्नाला चिकटतं. नुसतं एंटर मारलं तर काय धरणार, हेही दिसू द्या. त्यासाठी ईमॅक्स 28 पासून फॉरमॅट-प्रॉम्प्ट हे फंक्शन आहे. किती ठिकाणी बदलणार, तो आकडाही हाऊ-मेनी या फंक्शनने मोजून सांगा, फक्त त्याला पॉइंट-मिन (फाईलची सुरुवात) द्या, नाहीतर कर्सरच्या पुढचंच मोजेल.
इनस्क्रिप्टचं सोपं आहे. क्वेरी-रिप्लेस-मॅपमध्ये (कोणत्या कळीचा अर्थ काय, याची यादी) 'ब'ला अ‍ॅक्ट (हो) आणि एनच्या कळीवरच्या 'ल'ला स्किप (नाही) बांधा. हो की नाही विचारणारं वाय-ऑर-एन-पी फंक्शन तोच मॅप बघतं.

जुना_वर्डस्टारवाला:
वर्डस्टार या जुन्या लेखनाच्या प्रोग्राममध्ये कंट्रोल-के दाबून थांबलात तरच मेनू उघडायचा. पुढची कळ भरभर दाबणाऱ्याला तो दिसायचाच नाही. माहीत असलेल्याच्या वाटेत यायचं नाही, अडलेल्याला सांगायचं.
ताई, अनडू आहे ना? मग विचारता कशाला? बदलून मोकळं व्हा आणि खाली '412 बदलले' एवढं दाखवा. विचारायचं ते फाईल पुसताना.

मुद्रितशोधक_सांगली:
काका, तो निरोप पुढची कळ दाबली की गायब होतो, आणि माझं लक्ष तेव्हा कागदावर असतं. विचारणं ठेवते.
कंसात_कंस, दोन्ही जमलं, आभार. आधी "या फाईलमधल्या 412 ठिकाणचे 'ध्द' काढून तिथे 'द्ध' घालू का?" असं लिहिलं होतं. पण आपलं क्रियापद बसतं शेवटी, नजर 'घालू'पर्यंत पोचायच्या आत बोट पडलेलं असतं. आता असं केलंय:
"बदलू? 'ध्द' → 'द्ध', 412 ठिकाणी "
आणि गंमत बघा, इनस्क्रिप्टमध्ये वायच्या कळीवरचा 'ब' आता बदलूचाच 'ब' झाला. 'ल'ला मात्र काही सुचत नाहीये.

कंसात_कंस:
लांबणीवर टाका.