मखरासाठी फोम शीट: ५ मिमी घ्यावी की १० मिमी? कमानीचे जोड का सुटतात?

प्रश्न: मोदकप्रिय

नमस्कार मंडळी. थर्माकोल २०१८ च्या बंदीपासून सोडलाच आहे, पुठ्ठा पावसाळी हवेत मऊ पडतो, म्हणून गेल्या वर्षी ईव्हीए (चपलांच्या तळव्यांना वापरतात तो रबरासारखा) फोम शीटचं मखर केलं. मूर्ती दीड फुटी, दोन खांब आणि वर अर्धगोल कमान, आतला गाळा २४ इंच. तीन गोष्टी बिघडल्या. ग्लूगनने चिकटवलेले कमानीचे जोड तिसऱ्या दिवशी सुटले. ५ मिमीची कमान मधोमध पुढे झुकली. सोनेरी रंगाला बारीक तडे गेले. शिवाय कापलेल्या कडा पायरी-पायरीच्या दिसतात. यंदा १० मिमी घेऊ का? खांब गोल हवेत, आणि मखर सुटं करून पुढच्या वर्षी वापरता यायला हवं.

उत्तर: पेठेतला_कारागीर

१० मिमी घेऊन झुकणं थांबणार नाही. फोमला स्वतःचा कणा नसतो, तो फक्त वरचा साज. आत सांगाडा घाला, मग ५ मिमी पुरते.

खांबासाठी ११० मिमीचा पीव्हीसी ड्रेनेज पाइप, प्रत्येकी दोन फूट. त्याच मापाच्या एंड कॅप १२ मिमी प्लायच्या पाटावर तोंड वर करून तीन-तीन स्क्रूंनी बसवा आणि पाइप त्यात नुसता दाबून उभा करा, पाइप चिकटवायचं सोल्व्हेंट लावू नका. विसर्जनानंतर उपसून काढता येतो. कॅपमध्ये जाणारा तळाचा भाग फोमशिवाय ठेवा. त्यावरून १० मिमी फोमची कुंभी (खांबाची बैठक) केली की कॅप झाकली जाते. १० मिमी लागते ती एवढ्याचसाठी.

आता पाइपाला गुंडाळायची पट्टी. इथे बहुतेकांचं माप चुकतं. पाइपाचा घेर ३४६ मिमी येतो म्हणून तेवढीच पट्टी कापली, तर बाहेरून फट राहते, कारण फोमची जाडी धरलेली नसते. ११० मध्ये ५ मिळवा आणि ३.१४ ने गुणा: ३६१ मिमी. मी म्हणेन ३७५ कापा, कोरडीच गुंडाळा, टोक टोकावर चढवा आणि मोजपट्टी धरून दोन्ही थर एकाच वेळी ब्लेडने कापा. दोन्ही कडा एकाच कापातून निघतात, त्यामुळे जोड बेमालूम बसतो. तो मागच्या बाजूला ठेवा.

कमानीचा सांगाडा ५ मिमी सनबोर्डच्या (हलका, कडक प्लास्टिक बोर्ड) दोन सारख्या कमानींचा, मध्ये लाकडी ठोकळे. समोरच्या तोंडाला फोम सपाट कापून लावायचा. आतल्या पोटाला पट्टी लागते, ती साधारण ९६० मिमी भरते. थोडी जास्त ठेवा, माथ्यापासून सुरू करून दोन्ही बाजूंना खाली दाबत या आणि उरलेलं टोक खांबाशी छाटा. टोकापासून सुरुवात केली तर सगळी चूक माथ्यावर गोळा होते आणि तिथे सुरकुती पडते.

कडांची पायरी बोथट ब्लेडमुळे होते. फोम ब्लेडची धार फार लवकर खातो. १८ मिमीचा कटर घ्या, पाते आडवं झोपवून लांब ओढा. पहिली ओढ हलकी, फक्त वाट पाडायला, दुसरीत आरपार. वर-खाली करवतीसारखं चालवायचं नाही. चार-पाच लांब काप झाले की टोक मोडा. कमानीसारख्या वळणावर हात स्थिर ठेवून शीट फिरवा.

उत्तर: चिकटकाम

जोडांबद्दल. ग्लूगनचा गोंद लांब जोडावर टाकत जाता तोवर सुरुवातीचा थंड झालेला असतो. चिकटल्यासारखा वाटतो, पण नुसता बसलेला असतो. वाकवलेला फोम सतत सरळ व्हायला बघतो, त्यामुळे आधी कमानच सुटते. ग्लूगन फुलं-पाकळ्यांना ठेवा.

मुख्य जोडांना रबरी कॉन्टॅक्ट गोंद लागतो. चप्पलवाले ज्याला सोल्युशन म्हणतात तो, किंवा फेविबाँड. दोन्ही बाजूंना पातळ थर. फोमची कापलेली कड गोंद पिते, तिथे पहिला थर सुकल्यावर दुसरा द्या. मग थांबा. साधारण १०–१५ मिनिटं, पावसाळ्यात जास्त. बोट टेकवून बघा: चिकट लागलं पाहिजे, पण बोटाला गोंद येता कामा नये. ओला असताना दाबला तर आत द्रावक अडकतो आणि जोड सरकत राहतो. एकदा टेकला की हलवता येत नाही, म्हणून पेन्सिलीच्या खुणा आधीच करा. पाइप गुळगुळीत असतो, १२० नंबर पॉलिशपेपरने घासून घ्या, नाहीतर गोंद पापुद्र्यासारखा निघतो.

खिडक्या उघड्या हव्यात, आणि गॅस, निरांजन, उदबत्ती काही पेटलेलं नको. या गोंदाची वाफ पेट घेते. थर्माकोलला हा गोंद लावू नका, विरघळतो.

मोदकप्रिय

छान समजलं. रंगाचं काय? आणि फर्निचरच्या पॅकिंगमधला पांढरा फोम घरात भरपूर पडलाय, तो चालेल का?

उत्तर: साधना_क

तो पांढरा ईपीई, म्हणजे पॉलिइथिलीनचा पॅकिंग फोम. त्यावर ना गोंद धरत ना रंग. आतल्या भरावाला वापरा. ईव्हीए घेताना नख दाबून बघा. खूण लगेच भरून आली तर शीट चांगली. खड्डा तसाच राहिला किंवा कापलेल्या कडेला मोठी भोकं दिसली तर सोडून द्या. रंगीत २ मिमी शीट पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास मिळतात; जाड शीटसाठी चपलांच्या कच्च्या मालाची दुकानं बघा.

तडे जातात ते क्रमामुळे. आधी आकार, मग चिकटवणं, मग रंग. रंगवून वाकवलं की तडकणारच. आकार देताना हीटगन १०–१५ सेंमीवरून सतत फिरती ठेवा. मंद पृष्ठभागावर किंचित तकाकी आली की थांबा, हव्या त्या वळणात धरा आणि गार होईपर्यंत सोडू नका. फोड आले म्हणजे जास्त झालं, ते परत जात नाहीत. ही उष्णता जोडण्याआधीच द्यायची, नंतर दिली तर गोंद ढिला होतो.

याच हीटगनने नक्षी फार सुंदर होते. ५ मिमी शीटवर वेलबुट्टी काढून ब्लेडने १ मिमी खोल रेघ मारा आणि वरून उष्णता द्या. केसाएवढी चीर डोळ्यांदेखत उघडते, कडा गोलावतात आणि लाकडात कोरल्यासारखी खोबण तयार होते. कमळाच्या पाकळ्यांना २ मिमी शीट: मध्यम गरम इस्त्रीवर पाकळी काही सेकंद टेकवली की कडा आपोआप वळतात, मग तळहातात अंगठ्याने खोलगट करा.

रंगाआधी फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात, दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण सुकू द्या. जाड थर तडकतो. मग पिवळसर तपकिरी ॲक्रिलिकचा एक हात आणि त्यावर सोनेरी. थेट सोनेरी लावला तर चार हात देऊनही खालचा रंग डोकावतो.

उत्तर: पेठेतला_कारागीर

एक राहिलं. ईव्हीए पेटतो आणि वितळून थेंब पडतात. समई-निरांजन कमानीच्या आत ठेवू नका. पाटाच्या पुढे ठेवा, वर फोम, झालर, पडदा काही नको. माळा एलईडीच्याच, आणि त्यांचा अडॅप्टर फोमला टेकवू नका.

ठेवताना कमान आडवी, सपाट, वर वजन नाही. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर नको, उन्हाळ्यात तिथे आकार बिघडतो. शेवटी हेही प्लास्टिकच आहे, कुजत नाही, त्यामुळे पाच-सात वर्षं वापरायच्या तयारीनेच करा. मधे खांबाचा फोम खराब झाला तर तेवढाच सोलून नवा चढवता येतो, पाइप तोच.