मदत हवी आहे: स्कॉलरवर एच-इंडेक्स १४, स्कोपसवर ९, अर्जात नक्की कुठला टाकू?

नमस्कार मंडळी,

बायोमेडिकल रिसर्चवाले किंवा विद्यापीठाच्या लायब्ररीत काम करणारे कोणी असतील तर प्लीज सांगा. पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) संपत आलंय, फॅकल्टीच्या जागेसाठी अर्ज भरतेय आणि त्यात एक रकाना आहे, "एकूण सायटेशन्स व एच-इंडेक्स", बास एवढंच, कुठल्या डेटाबेसचा वगैरे काही नाही. (सायटेशन म्हणजे दुसऱ्या पेपरात आपला संदर्भ, आणि एच १४ म्हणजे प्रत्येकी किमान १४ सायटेशन्सचे १४ पेपर.) आता गूगल स्कॉलर म्हणतं १४, स्कोपस म्हणतं ९, वेब ऑफ सायन्स ८. १४ टाकला तर फुगवल्यासारखा वाटतो, ८ टाकला तर बाकी सगळे स्कॉलरचाच आकडा देणार, म्हणजे मी आधीच मागे.

जरा खोदून बघितलं तर कळलं की स्कॉलर प्रीप्रिंट (जर्नलमधे छापण्याआधी टाकलेली प्रत), थिसिस, जे सापडेल ते मोजतं. माझा एक पेपर तिथे दोनदा दिसतोय, एकदा बायोआर्काइव्ह या प्रीप्रिंट साइटवरचा १४ सायटेशन्सचा आणि एकदा जर्नलमधला १७ चा. स्कोपसमध्ये उलटाच घोळ, सुरुवातीच्या पेपरांत माझ्या मधल्या नावाचं आद्याक्षर आहे, नंतरच्यांत नाही, त्यामुळे त्यांनी माझी दोन माणसं करून ठेवलीत आणि ९ हा त्यातल्या एकीचाच आकडा आहे!

अजून एक. एकूण सायटेशन्सपैकी निम्म्याहून जास्त एकाच कन्सॉर्शियम पेपरच्या आहेत, लेखकांची यादीच पानभर आणि मी कुठेतरी मधे. सॅम्पल्स प्रोसेस केलेत मी, फुकटचं नाव नाहीये, पण तो काही माझा पेपर नव्हे. जो खरंच माझा, फर्स्ट ऑथर वगैरे, त्याला ३१, कारण फील्डच छोटं आहे. आणि त्या ३१ मधे एका ग्रुपने आमची पद्धत कशी चुकीची हे सांगायला आमचा संदर्भ दिलाय, तोही मोजला जातो, घ्या. तर हे कमिटीला रडगाणं न वाटता कसं सांगायचं?

प्रतिसाद १
आकडा कुठलाही टाका पण शेजारी डेटाबेस आणि तारीख लिहा, विषय संपला. जागा असेल तर स्कॉलर आणि स्कोपस दोन्ही द्या, कमिटीतलं कोणीतरी तपासतंच. स्कॉलरवर स्वतःच्या प्रोफाईलमधे दोन्ही नोंदींवर टिक करा, वर मर्ज येतं. स्कोपसला मात्र दोन्ही ऑथर आयडी एकत्र करायची विनंती पाठवावी लागते, ती लगेच होत नाही म्हणून आजच पाठवा, आणि ऑर्किड (संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक) नसेल तर आधी ते काढा, फुकट आहे.

प्रतिसाद २
कन्सॉर्शियमचं एवढं टेन्शन नका घेऊ. त्या पेपरला पाच हजार सायटेशन्स असल्या तरी एच-इंडेक्समधे त्याचा वाटा फक्त एकचा, हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मधे तो सुचवला तेव्हा एखाद्या हिट पेपरने एकूण आकडा फुगतो, हेही एक कारण दिलं होतं. फुगतो तो एकूण आकडा, तेव्हा तो "कन्सॉर्शियम पेपर धरून" आणि "वगळून" असा दोनदा द्या. छोट्या फील्डसाठी एनआयएच या अमेरिकन सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची आयसाइट ही वेबसाइट वापरा, पेपरचा पबमेड आयडी (पबमेड या वैद्यकीय डेटाबेसमधला नंबर) टाकला की आरसीआर, म्हणजे फील्डच्या मानाने सायटेशन्स किती ते मिळतं. १ म्हणजे त्याच फील्डमधल्या, त्याच वर्षीच्या एनआयएच-अनुदानित पेपरांच्या बरोबर मधे. ३१ सायटेशन्स तिथे चांगल्याच ठरू शकतात. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरांच्या सरासरी सायटेशन्स) मात्र पेपरापुढे लावू नका, संस्थेने डोरावर (इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणूस जोखू नये म्हणणारा जाहीरनामा) सही केलेली असेल तर उलट वाईट दिसेल.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे! मर्ज केलं आणि १४ चा १३ झाला 😅 दोन्ही नोंदी वेगवेगळ्या धरून एच वाढला होता तर. पण माझ्या ३१ वाल्याचा आरसीआर २ च्या वर आलाय, तो पेपरच्या खाली एका ओळीत टाकतेय. स्कोपसचं डेडलाईनच्या आत झालं नाही तर?

प्रतिसाद १
दोन्ही आयडी लिहा, पुढे "विलीनीकरणाची विनंती पाठवली आहे" एवढं टाका. दोन्हींचे एच मिळवून १६-१७ वगैरे करू नका फक्त, तशी बेरीज होत नाही.