भावकीचं संमेलन: हॉल घेऊन, की म्हाईलाच?

पंचगंगाकाठ:
घरात संमेलनाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "म्हाईला, गावजत्रेच्या जेवणाला, सगळी येतातच की, मग वेगळं कशाला?" सगळी येत नाहीत. एक पणजोबा धरा. त्यांना २ मुलगे, २ मुली. त्या चौघांना पुन्हा तशीच ४-४ आणि पुढच्या पिढीत प्रत्येकाला ३. पणतवंडं झाली ४८. त्यात पणजोबांच्या आडनावाची किती? १२. उरलेली ३६ लेकींच्या वाटेने आलेली. रक्त तेवढंच, पण भावकीच्या यादीत नाव नाही. वडिलांकडची माणसं सुतकाच्या निमित्ताने तरी ध्यानात राहतात; आजीच्या बहिणीची नातवंडं कुणाच्याच हिशोबात नसतात.

म्हणून यादी आडनावावरून नको, पणजोबा-पणजीवरून करा आणि कोल्हापुरात एक दिवस हॉल घ्या. गाव कुणाचंही असो, एसटी इथे येते. शिवाय कुणा एकाच्या दारात गेल्याचं दडपण राहत नाही.

भुदरगडचा:
हिशोब बरोबर, उपाय चूक. हॉलमधला दिवस दहा ते पाच. दीड तास स्वागत-सत्कारात, तासभर ज्येष्ठांच्या मनोगतात, दोन तास पंगतीत. उरलेल्या वेळात जो तो आपल्या ओळखीच्याच माणसाशेजारी बसतो. म्हाईला घराच्या पुढच्या सोप्यात टेकलं की दारातून आलेला कुणाचा कोण, हे घरातलं म्हातारं माणूस तोंडाने सांगतं. आणि म्हाईला फेड असते. आज तुम्ही आमच्यात जेवला, उद्या तुमच्या गावच्या जत्रेला आम्ही येणार. हॉलच्या जेवणाची फेड कशी करायची? वर्गणी भरली, विषय संपला.

लेकींची फांदी तुटते हे मान्य. पण चूक आमंत्रणात आहे, जागेत नाही. दर म्हाईला तुटलेली दोन घरं शोधून, स्वतः जाऊन बोलवा. दहा वर्षांत वीस घरं जोडली जातील.

माहेरवाशीण:
दहा वर्षांत ओळख सांगणारी म्हातारी माणसं उरतील का? आणि म्हाईला घरच्या सुना पहाटेपासून चुलीपुढे असतात. दिवसभर दीडशे माणसं वाढून झाली की त्यांना विचारा, कोण कोण भेटलं. नाती जुळतात ती सोप्यात बसलेल्यांची. स्वयंपाक बाहेर दिला तरच घरातल्या बायकांना संमेलन मिळतं. हॉल हवा तो एवढ्यासाठी.

अळणी_पाणी:
स्वयंपाक बाहेर देणार असाल तर दोन गोष्टी आधी ठरवा. दीडशे माणसांत मटण खाणारी शंभर धरली तर किलोला पाच माणसं या हिशोबाने २० किलो लागतं. दुसरी गोष्ट पांढऱ्या रश्श्याची. पाहुणे बारा ते तीन असे टप्प्याटप्प्याने येतात, आचारी मात्र सगळा रस्सा एकदम करून मंद आचेवर ठेवतो. नारळाचं दूध तासन्‌तास उकळत राहिलं की फाटतं. वर तेलकट पाणी, खाली चोथा. अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, वेगळं राखायला सांगा. पंगत बसायच्या वेळी लागेल तेवढ्याच अळण्यात दूध घालायचं, ढवळत एक हलकी वाफ आणायची आणि उतरवायचं.

आणि रविवार धरताना विचार करा. सुट्टीचा म्हणून सगळे रविवारच सुचवतात, पण तो जोतिबाचा वार. कित्येक घरांत त्या दिवशी मटण चालत नाही. यादी घेतानाच प्रत्येक घराला वार विचारा, नाहीतर तांबडा रस्सा उरतो आणि शाकाहारी ताटं कमी पडतात.

मोडीवाचक:
जागेवरून चाललंय, पण यादी कुठून आणणार? पणजोबांच्या बहिणींची नावं घरात कुणाला पाठ नसतात. गावच्या जुन्या फेरफाराच्या, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदींच्या, नकला काढा, म्हणजे गाव नमुना ६, आणि वारस नोंदीसाठी ६-क. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींसाठी गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. बरंच मोडीत असतं, वाचणारा आधी गाठून ठेवा. सीमाभागातून हेळवी, म्हणजे वंशावळ सांगणारे, येतात त्यांच्या पोथीत पिढ्या मिळतात, पण लेक कुठल्या गावी दिली हे विचारून घ्यावं लागतं.

तक्ता भिंतीवर लावायचा तर दहा फुटी फ्लेक्स घ्या आणि माणसाला शाखेचा क्रमांक द्या. २.३.१ म्हणजे पणजोबांच्या दुसऱ्या अपत्याच्या तिसऱ्याचा पहिला. हाच क्रमांक छातीवरच्या बिल्ल्यावर, नावापेक्षा मोठा. दोघांचा पहिला आकडा जुळला की आजोबा किंवा आजी एकच. नाही जुळला तर पणजोबांवर भेट. अनोळखी माणसाशी बोलायला एवढं पुरतं. रिकाम्या चौकटी मुद्दाम ठेवा आणि शेजारी दोरीला पेन बांधा. त्या भरायला माणसं आपणहून उठतात.

सातबारा:
माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. छत्तीस तुटलेली माणसं एकदम बोलावली की पहिली शंका जमिनीची येते. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे लेकीकडच्यांना वाटतं सही घ्यायला बोलावलंय, आणि भावांना वाटतं वाटणी मागायला आल्यात. वर तुम्ही फेरफार घेऊन बसणार!

मोडीवाचक:
म्हणून नकला तीन महिने आधी काढायच्या, नावं उतरवून घ्यायची आणि कागद घरी ठेवायचे. तक्त्यावर गट नंबर, क्षेत्र काहीही नको. हक्कसोडपत्र तसंही नोंदणी केल्याशिवाय चालत नाही, हॉलमधल्या सहीला अर्थ नाही. हे निमंत्रणाच्या फोनवरच सांगून टाका.

भुदरगडचा:
फोनवर सांगून शंका जात नाही. घरी जाऊन चहा घेतल्यावर जाते. परत माझ्याच मुद्द्यावर आलात.

पंचगंगाकाठ:
घरी जाण्याचं मान्य, हॉल सोडत नाही. पणजोबांच्या प्रत्येक अपत्यामागे एक बाई, एक पुरुष असे दोघं नेमा. त्यांनी आपल्या शाखेच्या घरांत स्वतः जायचं. नुसता ग्रुपवर निरोप टाकला की अंगठे येतात, माणसं येत नाहीत. वर्गणी माणशी नको, घरटी घ्या. माणशी ठेवली की मोठं कुटुंब दोघांनाच पाठवतं. आहेर, टॉवेल-टोपी बंद.

तारीख जुलै-ऑगस्टची धरू नका. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. निम्मे रस्ते तेव्हा बंद असतात. गळीत हंगामात ऊसतोड आली की शेतकरी घर सोडत नाही. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा. उरतो मे, आणि मे महिन्यात लग्नांमुळे हॉल मिळत नाही, म्हणून बुकिंग दिवाळीतच करावं लागतं.

माहेरवाशीण:
मेमध्येच गावोगावच्या जत्राही असतात. तारीख पक्की करण्याआधी लेकींच्या सासरच्या गावची जत्रा विचारा. नाहीतर ती ३६ पुन्हा येणार नाहीत.