शब्दचर्चा: दचकणे, हबकणे, भांबावणे

प्रश्न
एका मासिकासाठी वैमानिकांच्या प्रशिक्षणावरचा लेख मराठीत आणते आहे. त्यात ‘स्टार्टल’ आणि ‘सरप्राइज’ हे शब्द पानोपानी येतात आणि लेखकाने ते मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. मी ‘धक्का’ आणि ‘आश्चर्य’ लिहून पाहिलं, पण ‘वैमानिकाला आश्चर्य वाटले आणि विमानावरचा ताबा सुटला’ हे वाक्य काही केल्या पटत नाही. तुम्ही काय वापराल?

प्रतिसाद
‘आश्चर्य’ नकोच, त्याला नवलाची छटा आहे. ‘धक्का’ फार सैल. तो बातमीनेही बसतो. पहिल्यासाठी ‘दचकणे’ घ्या. दुसऱ्यासाठी ‘हबकणे’ चालेल का?

प्रतिसाद
‘दचकणे’ अगदी नेमकं. दार आपटलं की खांदे वर जातात, श्वास अडकतो, आणि काय झालं ते त्यानंतर कळतं. हे शरीराचं काम आहे. तान्हं बाळ झोपेत दचकतं, तसाच हजारो तास उडालेला कॅप्टनही दचकतो. त्यात कमीपणा नाही, आणि सेकंद-दोन सेकंदांत ते ओसरतंही.

‘हबकणे’ मात्र मी घेणार नाही. हबकलेल्या माणसाला समोर काय आलंय ते कळलेलं असतं. त्याच्या आकारानेच तो खचतो. इथे अडचण उलटी आहे. समोर दिसतंय ते डोक्यातल्या चित्राशी जुळतच नाही. त्याला आपल्याकडे ‘भांबावणे’ म्हणतात. जत्रेत आईचा हात सुटलेलं मूल आधी रडत नाही, भलत्याच दिशेला चालू लागतं. ते भांबावणं.

एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान आठवा. १ जून २००९, रिओहून पॅरिसला निघालेलं, आत २२८ माणसं. अटलांटिकवर रात्री वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फाचे कण अडकले आणि ऑटोपायलट सुटला. कॅप्टन विश्रांतीला गेलेले, पुढे दोन सहवैमानिक. दचकणं तिथेच संपायला हवं होतं, वेगाचे आकडेही मिनिटभरात परत आले. पण उजवीकडच्या वैमानिकाने विमानाचं नाक वर ओढून धरलं होतं. विमान सुमारे ३८,००० फुटांपर्यंत चढलं आणि स्टॉल होऊन, म्हणजे पंखांना पुरेशी उचल न मिळून, खाली येऊ लागलं. स्टॉलचा इशारा पुन्हा पुन्हा वाजत होता, तरी काय होतंय ते उमगेना. कॅप्टन परतले, त्यांनाही उमगेना. सव्वाचार मिनिटांच्या आसपास सगळं संपलं.

मला त्यातला एक क्षण फार लागतो. डावीकडच्या वैमानिकाने बोलून नियंत्रण आपल्याकडे घेतलं, आणि उजवीकडच्याने जवळजवळ लगेच ते परत घेतलं, काही न बोलता. त्या विमानात दोघांच्या साइडस्टिक, म्हणजे विमान हाताळायच्या बाजूच्या दांड्या, एकमेकींना जोडलेल्या नसतात. शेजारच्याचा हात काय करतोय हे आपल्या हाताला कळत नाही, म्हणून तोंडाने सांगावंच लागतं.

प्रश्नकर्ती
‘भांबावणे’ घेते, मनापासून आभार. आता पुढचं अडलंय. हडसन नदीत विमान उतरवणाऱ्या सलनबर्गर यांचा उल्लेख आहे. इंजिनं बंद पडताच ते म्हणाले ‘माय एअरक्राफ्ट’ आणि सहवैमानिक स्काइल्स म्हणाले ‘युअर एअरक्राफ्ट’. ‘माझं विमान’, ‘तुमचं विमान’ असं लिहू?

प्रतिसाद
नको, त्याने मालकी कळते. ‘किल्ली माझ्याकडे आहे’ म्हणतो तसं ‘विमान माझ्याकडे’, ‘विमान तुमच्याकडे’ लिहा. आपल्या ‘-कडे’मध्ये ताबा आहे, मालकी नाही, आणि वाक्याला क्रियापदही लागत नाही. अशा वेळी वाक्य तोकडंच हवं. १५ जानेवारी २००९ला उड्डाण स्काइल्सच करत होते. बदके-हंसांच्या जातीचे मोठे पक्षी आदळल्यापासून पाण्यापर्यंत जेमतेम साडेतीन मिनिटं होती. त्यातही हात कोणाचा, हे दोन वाक्यांत मिटलं. १५५ माणसं वाचली.

त्याच संवादात पुढे कॅप्टन सहवैमानिकाला विचारतात, काही सुचतंय का? तो सांगतो, नाही. तो प्रश्न लेखात असेल तर गाळू नका. वरच्या हुद्द्याच्या माणसाने त्या घाईत हाताखालच्याला विचारणं ही मला त्या संवादातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

प्रतिसाद
याला जोडून ‘संपत येणे’बद्दल. २५ जानेवारी १९९०ला आवियांका या कोलंबियाच्या कंपनीचं ५२ क्रमांकाचं विमान इंधन संपून न्यू यॉर्कजवळ कोसळलं, ७३ माणसं गेली. कॅप्टन सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये सांगत होते, आणीबाणी आहे म्हणून कळव. सहवैमानिकाने नियंत्रकाला इंग्रजीत कळवलं ते ‘इंधन संपत चाललंय’ एवढंच. ‘इमर्जन्सी’ किंवा ‘मेडे’ (वैमानिकांची ठरलेली संकटाची हाक) हा शब्द नियंत्रकापर्यंत गेलाच नाही. इंधन तर उडणाऱ्या प्रत्येक विमानाचं संपत असतं!

मराठीतही तेच होईल. ‘गॅस संपत आलाय’ म्हटलं की घरात कोणी उठत नाही, अजून चार दिवस जातील असं सगळे धरून चालतात. ‘गॅस संपला’ म्हटल्यावरच फोन लावला जातो.

प्रश्नकर्ती
हा अपघात लेखात आहे आणि मी तिथे ‘इंधन संपले आहे’ असं लिहून बसले होते. बदलते. ‘संपत चाललंय’ हेच हवं, नाहीतर नियंत्रकाला का कळलं नाही हे वाचकाला कळणारच नाही.